आईच्या हयातीत

पंचायतीच्या सभागृहात पेन्शनवाल्यांसाठी माहितीचा कार्यक्रम होता, त्या दिवशी आई सकाळीच न्हाऊन, चॉकलेटी काठांची साडी नेसून तयार बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण कुठं जायचं म्हटलं की तिला उशीर खपत नाही. मला म्हणाली, "चल गो, मागच्या कदेलार बसाक लागला तर माका आयकाक येवचा नाय." कदेल म्हणजे खुर्ची. पुढच्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून आम्ही सभागृहाचं दार उघडायच्या आधी तिथं होतो.

बाबा पेडणे तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. त्यानंतर आईला कुटुंब निवृत्तीवेतन सुरू झालं, म्हणजे पेन्शनचा जो भाग मागं राहिलेल्या बायकोला मिळतो तो. मी ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे, चतुर्थीच्या आधी हातात जरा बरे पैसे खेळायचे. पण तांदूळ, औषधं, विजेचं बिल हे सगळं बाबांच्या नोकरीवरच चाललं होतं. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी आम्ही दोघी त्यांच्याच पगारात जगत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. लग्न करून मला मुळगावला दिली होती. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. मारायचा नाही, दारूही बेताची. त्यानं दुसरीकडे घर केलं होतं, आणि ते लपवायचीही त्याला गरज वाटत नव्हती. चार वर्षं मी ते न बघितल्यासारखं केलं, मग एक दिवस पिशवी भरली आणि माहेरी आले. बाबांनी मला दारातच विचारलं, "किती दिवस राहणार?" मी म्हटलं, बघू. ते 'बघू' आजवर चाललं आहे.

घटस्फोट हा शब्द बाबांनी घरात येऊ दिला नाही. "गळ्यात आहे ते असू दे. आज ना उद्या त्याला उपरती होईल." आणि आज ना उद्या मी परत जाणार, म्हणून माझं सगळं तात्पुरतंच राहिलं. बालवाडीत शिकवायला बोलावलं होतं, तर बाबा म्हणाले, सहा महिन्यांत सोडून गेलीस तर त्यांची पंचाईत होईल. शिवणयंत्रसुद्धा पहिली दोन वर्षं शेजारणीचं वापरलं. विकत कशाला घ्यायचं, ही जाणारच ना.

तर त्या दिवशी सभागृहात एक अधिकारी आले होते. सावकाश, समजेल असं बोलत होते. पेन्शनचा काही भाग आधी एकरकमी उचलला तर मागून किती वर्षांनी पुरी पेन्शन परत लागू होते, ग्रॅच्युइटी कुणाला, हयातीचा दाखला घरबसल्या मोबाइलवर कसा द्यायचा. नंतर म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का? आई उठून उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

"साहेबानू," ती मोठ्यानं म्हणाली, कारण तिला कमी ऐकू येतं आणि दुसऱ्यांनाही येत असावं असं तिला वाटतं. "माजा चेडू घोवाकडे नांदत नाय. लगीन झालेला, पण परत इला. मी मेल्यार तेका कायतरी मेळतला?"

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. तिथं बाबांच्या बरोबरचे निवृत्त मास्तर होते, त्यांच्या बायका होत्या, माझ्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या दोघी होत्या. सगळ्यांना सगळं ठाऊकच होतं. पण भर सभेत ते कधी कुणी बोललं नव्हतं.

"घटस्फोट झालाय का, आजी?"

"नाय."

"नवरा जिवंत आहे?"

"आसा. मुळगावाक."

अधिकाऱ्यांनी सांगितलं, "अविवाहित मुलगी, विधवा मुलगी, घटस्फोटित मुलगी, या तिघींना मिळू शकतं, बाकीच्या अटी बसल्या तर. नुसत्या परत आलेल्या मुलीला नियमात जागा नाही."

मी जमिनीकडे बघत राहिले. माझ्या पुढं जे उभं होतं ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. आई गेली की पेन्शन थांबणार, हे मी जाणून होते. पण जाणून असणं वेगळं आणि कुणीतरी नीट, शांतपणे, आपण कुठल्याच रकान्यात बसत नाही असं सांगणं वेगळं.

चहाच्या वेळी ते अधिकारी कप घेऊन आमच्यापाशी आले. भला माणूस. म्हणाले, "ताई, एक सांगतो. घटस्फोटाचा दावा आई हयात असताना कोर्टात दाखल झालेला हवा. निकाल मागून लागला तरी चालतो. पण दाखल मात्र त्यांच्या हयातीतच झाला पाहिजे. नंतर काही उपयोग नाही." आणि आईकडे वळून हसत म्हणाले, "आजी, तब्येत सांभाळा."

घरी आल्यावर आई पायऱ्या चढून बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली, "घटस्फोट घे."

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात निघून गेले. परत येऊन म्हटलं, "तीस वर्षांपूर्वी का नाही बोललीस हे? तेव्हा मी काहीतरी शिकले असते, नोकरी धरली असती."

"तेवा तुजे बापूस होते," ती म्हणाली. "आता मी आसंय."

वकीलबाईंचं ऑफिस पेडण्याच्या बाजारात एका बेकरीच्या माडीवर. खालून पावाचा वास वर येत असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा मलाच एक प्रश्न विचारला. "नवऱ्याच्या नावावर काय काय आहे?" मी म्हटलं, घर असेल, डोंगरावर काजूची बाग होती, मला नक्की माहीत नाही. त्या हसल्या. गोव्यात अजून पोर्तुगिजांच्या वेळचा कायदा चालतो, वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोचं सगळं दोघांचं अर्धं अर्धं. "म्हणजे त्या घरात अर्धा हक्क तुमचा आहे. इतकी वर्षं होता."

ज्या घरातून मी एक पिशवी घेऊन निघाले होते, त्याचा अर्धा भाग माझा होता, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, म्हणजे काय करायचं? त्या म्हणाल्या, "तो राजी झाला तर दोघांच्या संमतीनं लवकर होईल. जाऊन बोलून बघा. पण हक्क सोडते असं कुठंही बोलू नका."

म्हापशाला बस बदलून मी मुळगावला गेले. रस्ता रुंद झाला आहे, पण खाणींच्या मातीचे ढीग तसेच आहेत. त्यांच्यावर आता झाडं वाढली आहेत, नवख्या माणसाला ते डोंगरच वाटतील. घराला पुढं नवे पत्रे घातले होते. दारात एक बाई सुकी मिरची निवडत बसली होती. ती उठली, मला बघितलं, आणि मी कोण हे तिला सांगावं लागलं नाही. ती बेळगावकडची. खनिज भरायच्या कामाला आलेल्या माणसांबरोबर तरुणपणी आली होती. माझ्या संसारात मी तिला कधी बघितलं नव्हतं, फक्त ती आहे एवढं ठाऊक होतं.

नवरा आत बसला होता. खाणी बंद पडल्यावर ट्रक बँकेनं नेला, हे मला कानावर आलं होतं. माणूस सुकला होता. मी जे सांगायचं ते सांगितलं, पेन्शनचंसुद्धा लपवलं नाही. तो ऐकत राहिला.

"म्हणजे तुला सरकारचे पैसे मिळणार," तो म्हणाला. "आणि मला काय?"

"तुला काय पाहिजे?"

"घर आणि बाग. अर्ध्याचं नाव काढायचं नाही. तसं लिहून दे, मी सही देतो."

त्यालाही कायदा ठाऊक होता तर. मला वाटलं होतं मी जाऊन मोकळं करायला सांगेन आणि तो करील, एवढंच. पण मी तिथं बाजार मांडून बसले होते आणि मला भाव माहीत नव्हता. मी म्हटलं, विचारून सांगते, आणि उठले.

ती बाई मला बसपर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "ताई, सही करतील ते. मी लावतो करायला." तिच्याकडच्या बायका 'मी येतो, मी बघतो' असंच बोलतात. "पन तुमी अर्धं घर मागनार हाय का?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"माझं नाव कुठंच नाही बघा," ती म्हणाली. "रेशनकार्डात नाही, घरपट्टीत नाही. दोन पोरं वाढवली ह्या घरात. उद्या हे गेले तर मला कोन काय म्हननार? तुमचा कागद झाला तर माझं लगीन तरी लागल."

तिच्यावर चिडायला मी तीस वर्षं राखून ठेवलेलं होतं. पण त्या बसथांब्यावर उभं राहून मला दिसलं की जी गोष्ट मी मागायला आले होते, तीच गोष्ट माझ्यापेक्षा जास्त हिला हवी होती. मी तिच्या घरात अडकले नव्हते, तीच माझ्या लग्नात अडकली होती. बस आली. तिनं माझी पिशवी वर चढवून दिली.

मग आमची घासाघीस चालू झाली. वकीलबाई म्हणत, एवढं सहज सोडू नका. आई म्हणे, सोड सगळा, पेन्शन मोठी. नवरा फोनवर आज हो म्हणायचा, उद्या नाही. मी मशीनवर बसायचे आणि शिलाई वाकडी जायची. आणि रोज सकाळी उठून आधी आई श्वास घेते ना ते बघायचे. आधीही बघायचेच, म्हातारं माणूस आहे. पण आता बघताना त्यात दुसरंही काही मिसळलं होतं. तिच्या असण्यावर माझं आजचं चाललं होतं आणि तिच्या नसण्यावर उद्याचं, आणि मधली ती दाव्याची तारीख.

आईला मात्र जणू काम मिळालं. गोळ्या वेळेवर घ्यायची, कडू काढा नाक न मुरडता प्यायची, पायरीवर बसून हातपाय हलवायची. शेजारणीला सांगायची, "माका अजून मराक सवड नाय."

पावसाळा सरता सरता तिला ताप भरला आणि छातीत कफ झाला. म्हापशाच्या इस्पितळात दाखल केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वय आहे, सांगता येत नाही, घरच्यांना कळवून ठेवा. घरची मीच. मी व्हरांड्यात जाऊन वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग त्याची वाट बघायची नाही. आजच एकतर्फी दावा घालू, एवढी वर्षं वेगळं राहिलात हे कारण पुरे आहे. मागून तो राजी झाला तर संमतीचं करू. मुळगावला डिचोलीचं कोर्ट लागतं, तुम्ही तिथं या, सह्या लागतील."

मी आत आले. आईच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं तो हातानं बाजूला केला.

"कोर्टात गेलंस?"

"तुला अशी सोडून कशी जाऊ?"

"जा," ती म्हणाली. "हंय बसान काय करतलंस? जा मगो."

शेजारची बाई भेटायला आली होती, तिला बसवलं आणि मी निघाले.

अस्नोड्यापर्यंत मला बसायला जागा मिळाली नाही. दांडीला धरून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, संध्याकाळपर्यंत राहू दे, कोर्टाचा शिक्का पडेपर्यंत राहू दे. पूल ओलांडताना माझ्या लक्षात आलं की मी आई बरी होऊ दे असं म्हणतच नव्हते. मी फक्त वेळ मागत होते. उतरावंसं वाटलं, परत जावंसं वाटलं. पण उतरून परत गेले असते तर आईनंच मला फटकारलं असतं. हेही मला ठाऊक होतं, आणि त्याचाच आधार घेऊन मी उभी राहिले.

कोर्टात नोटरीसमोर सह्या केल्या. प्रतिज्ञापत्र वकीलबाईंनी वाचून दाखवलं. माझ्या लग्नाची सगळी हकीगत त्यात होती, मुद्द्यामुद्द्यानं, आणि ती इतकी छोटी होती की मला नवल वाटलं. कारकुनानं कागद घेतले, शिक्का मारला, नंबर घातला. वकीलबाई म्हणाल्या, "झालं. आता काहीही होवो, दावा त्यांच्या हयातीत दाखल आहे." मी इस्पितळात फोन लावला. शेजारीण म्हणाली, निजली आहे, पेज घोटभर घेतली. मी कोर्टाच्या पायरीवर बसले आणि रडले. बाजूला एक म्हातारे गृहस्थ जमिनीच्या केसला आले होते, ते म्हणाले, "बाय, होईल सगळं बरं." त्यांना काय सांगणार.

आई वाचली. दहा-बारा दिवसांनी घरी आली, आधीपेक्षा बारीक, पण जिभेची धार तीच.

नोटीस गेल्यावर नवरा आधी भडकला. पुढच्या तारखेला मात्र तो आला, आणि त्याच्यामागं ती बाईही, नवी साडी नेसून. तिनं शब्द पाळला होता. घरात काय झालं मला माहीत नाही, पण तो सहीला तयार होता. मी तोपर्यंत माझ्यापुरतं ठरवलं होतं. वकीलबाईंना म्हटलं, घरातला माझा हक्क सोडते, बागेतला नाही. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, त्या घरात मला एक रात्रसुद्धा काढायची नाही, आणि तिला जायला दुसरी जागा नाही. पण काजूचा खंड, म्हणजे बाग दुसऱ्याला पिकवायला दिल्याचे पैसे, दरवर्षी येतो, त्यातला निम्मा मला पाहिजे. नवरा तोंड उघडणार तोच ती बाई म्हणाली, "द्या की हो. बागंत काय आपुन झोपताव?" त्यानं सही केली.

निकालाला पुढं बराच काळ गेला. कोर्टाचा हुकूम हातात पडला त्या दिवशी आईनं शेजारच्या मुलांना पेढे वाटले. घटस्फोटाचे पेढे वाटणारी गावात ती पहिलीच असेल. मला हसूही आलं आणि आत कुठंतरी बाबांची लाजही वाटली. मंगळसूत्र मी काढून कपाटात ठेवलं. मान हलकी झाली वगैरे काही नाही. नंतर कितीतरी दिवस हात तिथं जायचा.

मग वकीलबाईंनी बाकीच्या अटी समजावल्या. आईमागं मला पेन्शन मिळेल, पण मी आईवर अवलंबून होते असं दिसलं पाहिजे. माझी स्वतःची मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी. पुन्हा लग्न केलं तर बंद. मी म्हटलं, लग्नाचं आता कुठं! पण मिळकतीचं मनात राहिलं.

कारण त्याच सुमारास मोप्याच्या विमानतळावर माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या बायकोनं मला विचारलं होतं. सफाईवाल्यांचे, सामान ढकलणाऱ्यांचे गणवेश शिवायचे, दोन बायका हाताखाली घे, काम सतत राहील. असं काम मला उभ्या जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी घरी येऊन हिशोब मांडला. मर्यादा ओलांडली जात होती, फार नाही, पण जात होती. काम आज आहे, उद्या कंत्राट बदललं की नाही. पेन्शन मरेपर्यंत. मी नको म्हणून कळवलं.

आईला ते चार दिवसांनी शेजारणीकडून कळलं. तिनं मला समोर बसवलं. "कित्याक नको म्हटलंस?"

मी नियम सांगितला.

"तो मी मेल्यावरचो नेम," ती म्हणाली. "मी अजून जिती आसंय मगो. मी मरान म्हणान तू आतापासून हात बांदून बसतलंस? आदी तुज्या बापाशीन तुका बसवन ठेवला, आता मी ठेवू?"

"आणि उद्या काम गेलं तर? आणि त्याच वेळी तू…"

आम्ही दोघी जनेलातून बाहेर बघत राहिलो. पदेर सायकलवरून पोंऽ पोंऽ करत पाव घेऊन गेला, आईनं हात करून त्याला थांबवलं नाही, एवढी ती विचारात होती.

शेवटी मी अर्धं काम घेतलं. अर्धं वाड्यावरच्या दुसऱ्या एका बाईला मिळवून दिलं. माझ्या वाट्याचं मर्यादेच्या खाली राहील एवढंच शिवते. अंगात ताकद असते, मशीन सुरात चाललेलं असतं, आणि मी थांबते, कारण या महिन्याचं झालं. आई हे बघते आणि मान हलवते. तिला पटलेलं नाही. मलाही पटलेलं आहे असं नाही, पण त्यापलीकडे पाय टाकायची हिंमत अजून झालेली नाही.

आई आता शहाऐंशीची आहे. परवा ताप आला तेव्हा मी तिच्या उशाशी बसून होते, आणि या वेळी मी कुठल्याच तारखेपर्यंत राहा असं म्हणत नव्हते. नुसती राहा म्हणत होते. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, आज गणवेश किती झाले. मी सांगितलं, आणि या महिन्याचं झालं, हेही सांगितलं. "आजून दोन कर," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.